कारणांचा रकाना

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरात माळ्यावरचं सगळं खाली येतं. तांब्याचं घंगाळ, पितळी डबे, लग्नातल्या समया, सगळं चिंच लावून घासलं जातं. पत्र्याच्या काळ्या ट्रंकेला मात्र काकू कुणाला हात लावू देत नाही. ती स्वतः शिडी चढते, फडकं मारते आणि उतरते. ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेला नंबर, हुद्दा आणि नाव आता निम्मंअधिक उडालंय. ही तात्यांची ट्रंक. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. १९७८ साली भरतीच्या मैदानावर धावून, छाती फुगवून, डॉक्टरांना दात, डोळे, तळपाय दाखवून ते फौजेत गेले आणि १९८७ साली 'बोर्ड आउट' होऊन परत आले. मधल्या नऊ वर्षांचे कागद त्या ट्रंकेत आहेत.

आमचा मुलूख साताऱ्याच्या पूर्वेकडचा, कमी पावसाचा. इथं फौज ही बापाची वाट पोरानं धरावी तशी चालत आलेली. जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावामागे 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्याचा स्मृतिस्तंभ गावात आहे. आमचं गाव तेवढं नावाजलेलं नाही, पण सुट्टीवर आलेल्या जवानाची ट्रंक एसटीच्या टपावरून उतरवायला आमच्याकडेही चार पोरं धावायची. १९८७ च्या पावसाळ्यात तात्यांची ट्रंक उतरवायला मीही धावलो होतो. ते सुट्टीवर आलेले नाहीत, कायमचे आलेत, हे आम्हा पोरांना आठवड्यानं कळलं. अंगणात त्यांना फिट आली तेव्हा.

पहिली फिट त्यांना नोकरीच्या सातव्या वर्षी आली होती, सीमेवरच्या एका ठाण्यावर, रात्रीच्या ड्युटीवर असताना. मग लष्करी इस्पितळ, गोळ्या, खालची कॅटेगरी, पुन्हा इस्पितळ आणि शेवटी मेडिकल बोर्ड. बोर्डाच्या कागदावर दुखण्याचं नाव आहे, अपंगत्व ३० टक्के लिहिलंय, सेवेशी संबंध नाही असं लिहिलंय आणि पुढे एकच शब्द आहे, 'कॉन्स्टिट्यूशनल'. वर्षभरानं पेन्शन नामंजूर झाल्याचं पत्र आलं. त्यातही तोच शब्द होता.

पत्र इंग्रजीत होतं. तात्या ते घेऊन शाळेतल्या गुरुजींकडे गेले. गुरुजींनी शब्दकोश काढला आणि सांगितलं, हा शब्द राज्यघटनेशी संबंधित आहे. गुरुजींचा काही दोष नव्हता. त्यांच्या शब्दकोशात पहिला अर्थ तोच होता. वैद्यकीय भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'प्रकृतीतलंच, शरीराच्या मूळ घडणीतलं' असा होतो हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. तात्यांनी समजूत करून घेतली की भारताच्या घटनेप्रमाणे आपल्याला काही मिळू शकत नाही. ज्या घटनेशी निष्ठेची शपथ घेतली तिनंच आपल्याला नाही म्हटलं, या समजुतीवर हा माणूस पुढची वीस वर्षं जगला आणि २००८ साली गेला. पत्राच्या शेवटी सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल अशी एक ओळ होती. घटनेच्या वर कुठे अपील असतं का, म्हणून त्यांनी ती कुणाला विचारलीही नाही.

हे सगळं मला कळलं ते एका दुसऱ्याच माणसाच्या निकालातून. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, २ जुलै २०१३. हा जवान सिग्नल कोअरमधला. जून १९८५ मध्ये भरती झाला, १ एप्रिल १९९४ रोजी बोर्ड आउट झाला. दुखणं फिटचं, अपंगत्व २० टक्के, आणि बोर्डाचं मत तेच की हे प्रकृतीतलं आहे, सेवेशी संबंध नाही. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूनं निकाल दिला, सरकार अपिलात गेलं, २००९ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठानं तो फिरवला. मग धरमवीर सिंग दिल्लीला गेला आणि एकोणीस वर्षांनी जिंकला.

मी तो निकाल एका रात्रीत दोनदा वाचला. पहिल्यांदा पत्रकार म्हणून, दुसऱ्यांदा तात्यांचा पुतण्या म्हणून. न्यायालयानं त्यात नवा कायदा केलेला नाही. जो नियम आधीपासून होता तो फक्त मोठ्यानं वाचून दाखवलाय. १९६१ च्या पेन्शन विनियमांत १७३ क्रमांकाचा विनियम आहे. सेवेमुळे जडलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या अपंगत्वापायी जवानाला घरी पाठवलं आणि अपंगत्व २० टक्के किंवा जास्त असलं, तर अपंगत्व पेन्शन मिळते. आता सेवेमुळे जडलं की नाही हे ठरवायचं कसं? त्यासाठी १९८२ चे हक्कनिश्चितीचे नियम आहेत. नववा नियम म्हणतो की दावा सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकायचा नाही, आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा. चौदावा नियम म्हणतो की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती आणि ज्यामुळे पुढे त्याला काढावं लागलं, तो आजार सेवेतच झाला असं सामान्यतः धरायचं. यातून सुटायला एकच वाट ठेवलीय. हा आजार भरतीच्या तपासणीत सापडूच शकला नसता, असं डॉक्टरांनी म्हणायचं, आणि तसं म्हणताना कारणं लिहायची.

मेडिकल बोर्डाच्या छापील फॉर्मवरही सूचना आहे की प्रत्येक अपंगत्वाबाबत आपल्या मताची कारणं बोर्डानं सविस्तर नमूद करावीत. धरमवीर सिंगच्या फॉर्मवर कारणं नव्हती. पेन्शन मंजूर करणाऱ्यांनीही कारणं का नाहीत असं विचारलं नाही आणि त्याच मतावर नकार देऊन टाकला. न्यायालयाचं बोट नेमकं तिथं पडलं. मी शिडी लावली, काकूची परवानगी घेतली आणि ट्रंक उघडली. तात्यांच्या फॉर्मवर कारणांच्या रकान्यात पुन्हा तोच एक शब्द लिहिलेला होता. का नाही, तर प्रकृतीतलं आहे म्हणून. प्रकृतीतलं कशावरून, याचं उत्तर कुठेच नव्हतं. खाली तीन सह्या होत्या.

नऊ वर्षांच्या नोकरीत असा नकार आला की त्या काळी काय व्हायचं ते सांगायला हवं, कारण फौजेबाहेरच्या पुष्कळांना ते ठाऊक नसतं. जवानाला साधी सेवा पेन्शन मिळायला पंधरा वर्षांची नोकरी लागते. आजारपणात मिळणाऱ्या इनव्हॅलिड पेन्शनला निदान दहा वर्षं लागत. नऊ वर्षं भरलेल्याला अपंगत्व पेन्शन नाकारली की हातात एकरकमी थोडे पैसे पडायचे आणि खातं बंद व्हायचं. शिवाय सरकारी व्याख्येनुसार असा माणूस 'माजी सैनिक'सुद्धा राहत नसे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र नाही, कॅन्टीन नाही, आरोग्य योजनेचं कार्ड नाही, नोकरीतलं आरक्षण नाही. गावात तात्यांना सगळे मरेपर्यंत 'मिलिटरीवाले' म्हणायचे. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी त्यांच्या हातात द्यायचे. कागदावर ते कुणीच नव्हते. फिट येते म्हणून विहिरीवर, इंजिनावर, गुऱ्हाळाच्या चुलवणापाशी त्यांना कुणी काम देत नसे, आणि देत नसे ते काळजीपोटीच. त्यांनी शेळ्या राखल्या. काकूनं दुसऱ्याच्या रानात खुरपलं.

न्याय मागण्याची वाट त्या काळात कशी होती? पहिलं अपील, दुसरं अपील, दोन्ही कागदोपत्री, दोन्ही त्याच खात्याकडे. जवानाला समोर बोलावून ऐकण्याची तिथे सोय नव्हती. त्यापुढे उच्च न्यायालय, म्हणजे आमच्यासाठी मुंबई. सशस्त्र दलांसाठी वेगळं न्यायाधिकरण असावं ही शिफारस विधी आयोगानं १९९९ मध्ये केली. कायदा झाला २००७ मध्ये आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते न्यायाधिकरणाचं उद्घाटन झालं. तात्या जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठीचं खंडपीठ मुंबईत आहे. तिथे एक न्यायिक सदस्य बसतो आणि एक फौजेतून निवृत्त झालेला वरिष्ठ अधिकारी. ही रचना मला मनापासून पटते. एकाला कायदा कळतो आणि दुसऱ्याला ठाण्यावरची रात्र कळते. पण सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या की पीठ बसत नाही आणि पीठ बसलं नाही की तारखेला गावाहून आलेला माणूस पुढची तारीख घेऊन रात्रीच्या गाडीनं परत जातो.

न्यायाधिकरणाच्या वर कुठे जायचं यावरही बरीच वर्षं गोंधळ होता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयांनी याचिका घेऊ नयेत. मग उरला सरळ दिल्लीचा रस्ता, तोही व्यापक सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न असेल तरच. एका शिपायाच्या ३० टक्क्यांत कसला आलाय व्यापक महत्त्वाचा प्रश्न? मार्च २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ती भूमिका दुरुस्त केली आणि उच्च न्यायालयाचं दार पुन्हा उघडलं. ते जवानाला उघडलं तसं सरकारलाही उघडलं. न्यायाधिकरणात जिंकलेल्या जवानांविरुद्ध सरकार उच्च न्यायालयात जाऊ लागलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २७ मार्च २०२५ रोजी अशीच एक सरकारी याचिका फेटाळली, ती होती एका माजी सुभेदाराविरुद्ध. निकालाच्या शीर्षकात गवस हे आडनाव वाचलं आणि मला सावंतवाडी, दोडामार्ग, पेडण्याकडची घरं आठवली. दुखणं मधुमेहाचं होतं. तो 'पीस स्टेशन'ला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर, असताना झाला एवढ्यावरून सेवेशी संबंध नाही असं म्हणता येत नाही, आणि संबंध नाही हे दाखवण्याचं काम बोर्डाचं आहे, असं न्यायालयानं म्हटलं.

जवानानं जिंकायचं आणि सरकारनं अपील करायचं हा क्रम जुना आहे. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सरकारची आठशेहून अधिक अपिलं एकत्र निकालात काढली. प्रश्न अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याचा होता. पन्नासपेक्षा कमी असेल तर पन्नास धरायची, ही सवलत पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही द्या, असं न्यायालयानं सांगितलं. त्या आठशेंतला एकेक माणूस कुठल्या तरी गावात पोस्टमनची वाट पाहत होता, हे विसरून ती संख्या वाचता येत नाही. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी हे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिचा अहवाल आला. अपंगत्व पेन्शनबाबतची सरकारी अपिलं मागे घ्या, असं त्या समितीचंही म्हणणं होतं. पर्रीकरांनी हा प्रश्न हातात घेतला याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. त्यानंतरही अपिलं होत राहिली याचं तेवढंच दुःख आहे.

सरकारची बाजूही मी ऐकलीय आणि तिच्यात तथ्य आहे. निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब, साखर दाखवून अपंगत्वाचा भाग मिळवणारे आहेत. कॅगनं या वाढत्या आकड्यांकडे लक्ष वेधलंय. पण त्याच पाहणीतून हेही दिसलं की निवृत्त होताना हा लाभ मिळवणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरंच जास्त आहे. ज्याला नियम माहीत, इंग्रजी येतं, बोर्डापुढे बोलता येतं, त्याला मिळतं. म्हणून नियम आवळले की झळ कुणाला बसणार हे आमच्याकडच्या कुठल्याही घराला विचारावं. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आलेत. त्याआधी बाहेर पडलेल्यांना जुनेच लागू आहेत, पण पुढच्या पोरांची मला धास्ती वाटते.

दुसरा मुद्दा डॉक्टरांच्या अधिकाराचा. वैद्यकीय मंडळाच्या मताला प्राधान्य द्यावं असं सर्वोच्च न्यायालयानंच २००९ च्या एका निकालात म्हटलं होतं. मलाही ते मान्य आहे. फिट कशानं येते हे वकिलानं ठरवू नये. पण डॉक्टरनं ते ठरवलं तर कसं ठरवलं हे लिहावं. रक्ताच्या नात्यात कुणाला होतं का, पूर्वी डोक्याला मार होता का, ठाण्यावर झोप किती मिळत होती, उंची किती होती, हे विचारावं आणि उत्तर कागदावर उतरवावं. 'नाही' ऐकून घेण्याची फौजी माणसाला सवय असते. हुकूम आला की तो मानतो. मोडतो तो 'का' कळत नाही तेव्हा.

हा 'का' आपल्याकडे फार जुना आहे. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळ बाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर काही वर्षांतच महारांची भरती बंद करण्यात आली. ज्यांच्या आजा-पणजांनी कंपनीच्या फौजेत लढाया मारल्या त्यांना एका फटक्यात नालायक ठरवलं गेलं. वलंगकरांनी १८९४ साली फौजेच्या वरिष्ठांना उद्देशून विनंतीअर्ज तयार केला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ या प्रश्नासाठी न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले होते. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये ती मोडली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. अर्जापासून रेजिमेंटपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं गेली. तो अन्याय एका आख्ख्या समाजावरचा होता, त्याची बरोबरी मी तात्यांच्या ३० टक्क्यांशी करणार नाही. पण निवृत्त हवालदारानं कंदिलाच्या उजेडात बसून 'आमचं काय चुकलं ते सांगा' असं लिहिणं, हे चित्र मला ट्रंकेतले कागद चाळताना सारखं दिसत होतं.

निकाल वाचल्यावर मी काकूला म्हटलं, आपण अर्ज करू. ती सरळ नाही म्हणाली. "गेल्याल्या मान्साच्या नावानं पैसं मागू व्हय?" पुढची काही वर्षं मी विषय काढला की ती उठून जायची. दरम्यान मी संबंधित कार्यालयाला पत्र लिहून तात्यांच्या नोकरीची कागदपत्रं मागितली. उत्तर आलं की पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं नियमाप्रमाणे पंचवीस वर्षंच ठेवतात, त्यानंतर ती नष्ट करतात, आणि ही तशी नष्ट झालीत. पेन्शन नाकारली म्हणून फाइल जाळली, आणि फाइल नाही म्हणून पेन्शन का नाकारली ते तपासता येत नाही. जगात त्या नऊ वर्षांचा एकमेव पुरावा आमच्या माळ्यावर होता, आणि तो शाबूत राहिला तो काकू दर दिवाळीला शिडी चढत आली म्हणून.

तिचं मन बदललं ते पैशानं नाही. शेवटी एका संध्याकाळी मी तिला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. इतकी वर्षं मी तो सांगितला नव्हता, कारण गुरुजींची चूक उघडी करायला जीव धजत नव्हता. मी म्हटलं, काकू, त्या शब्दाचा घटनेशी काही संबंध नव्हता. डॉक्टरांना म्हणायचं होतं की दुखणं तात्यांच्या अंगातलंच आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजी बाबासाहेबांच्या घटनंनं त्यास्नी न्हाय म्हटलं नव्हतं?" मी म्हटलं, नव्हतं. "मग कर अर्ज."

वकिलांनी सगळं स्वच्छ सांगितलं. उशीर माफ करून घ्यावा लागेल. पेन्शन नाकारणं हा चालू राहणारा अन्याय आहे, म्हणून जुना दावा मरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात म्हटलंय. तो जवान १९८३ मध्ये बाहेर पडला होता आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेला होता. पण त्याच निकालानं थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरती ठेवली. म्हणजे तात्यांच्या हयातीतलं काही मिळणं कठीण. मात्र तात्या पेन्शनर ठरले तर काकू पेन्शनरची विधवा ठरते, आणि कुटुंब पेन्शनचा प्रश्न उभा राहतो. ते ठरवायचं न्यायाधिकरणानं.

आमचा अर्ज पडून असताना २०२५ मध्ये दोन निकाल आले. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बिजेंदर सिंग प्रकरणात निकाल दिला. सियाचिनवर फिट येऊ लागलेला हा जवान १९८९ मध्ये घरी पाठवला गेला होता, त्याला छत्तीस वर्षांनी न्याय मिळाला. मे महिन्यात राजुमोन प्रकरणात त्याच न्यायालयानं ठणकावलं की कारणं न देणाऱ्या बोर्डाच्या मतावर पेन्शन नाकारता येणार नाही. दोन्ही निकाल मी छापून ट्रंकेत ठेवले, तात्यांच्या कागदांवर.

शपथपत्रावर अंगठा उठवायला मी काकूला तालुक्याला नेलं होतं. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती, अंगठ्याची शाई पदराला पुसत. दिवाळीनंतरची तारीख मिळालीय हे मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि थोड्या वेळानं विचारलं,

"ह्या टायमाला पत्र मराठीत यील का रं?"

"नाही काकू. इंग्रजीतच येईल. पण मी वाचून सांगीन."

"समदं नगं," ती म्हणाली. "न्हाय म्हनलं आसंल, तर का न्हाय त्ये ल्हिवलंय का, तेवढंच बघ."